जड पाण्याचा फेस

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात दोन शब्द असायचे, सुफेन आणि दुष्फेन. ज्या पाण्यात साबणाला फेस येतो ते सुफेन, येत नाही ते दुष्फेन. परीक्षा झाली की असले शब्द विसरून जायचे असा आपला रिवाज आहे. पण दुष्फेन हा शब्द मला फार नेमका वाटतो. इंग्रजी आणि हिंदी त्या पाण्याला नुसतं 'कठोर' म्हणून मोकळ्या होतात. मराठीने त्याला न्हाणीघरात नेऊन ओळखलं.

बोलताना मात्र कुणी दुष्फेन म्हणत नाही. बोलताना ते 'जड' असतं. डाळ शिजता शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरं पुट चढतं, गिझरची कॉइल दर वर्षी जाते आणि डोक्याला साबण लावला तर केसांत चिकट काहीतरी अडकून राहतं. पुणे–नगर रस्त्यावर रांजणगाव गणपतीच्या आसपास राहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. खाली काळा बेसॉल्ट. पावसाचं थोडं पाणी त्या खडकाच्या भेगांतून मुरत जातं आणि जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. बोअर जितकं खोल, तितकं हे पाणी खडकाच्या सहवासात जास्त काळ राहिलेलं. गावाच्या नावात रांजण आहे. नावाची व्युत्पत्ती काय असेल ती असो, पाणी साठवून पुरवून वापरायच्या मुलखाला ते शोभतं.

महागणपतीच्या या गावाला १९९०नंतर दुसरी ओळख मिळाली ती एमआयडीसीची. गाड्या, फ्रिज, टीव्ही इथे बनू लागले. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार–उत्तर प्रदेशातून मुलं कामाला आली. कारेगाव, ढोकसांगवी, रांजणगाव इथे भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. नव्याने आलेल्या माणसाची महिन्याभरातली पहिली तक्रार ठरलेली असते: इथल्या पाण्याने केस गळतात, अंगाला खाज सुटते. दोष कुणी पाण्याला देतो, कुणी शाम्पूला. अलीकडे मोबाइलवर व्हिडिओ पाहून 'सल्फेट'ला देणाऱ्यांची संख्या वाढली आहे. सल्फेट म्हणजे काय हे विचारलं तर 'केमिकल' असं उत्तर येतं. तेवढ्यावर भागत नाही, कारण पाणी आणि सल्फेट यांचं नातं फार जुनं आहे. हा पदार्थ जन्माला आला तोच मुळी जड पाण्याशी भांडायला.

साबणाची अडचण काय ते आधी पाहू. तेल किंवा चरबी अल्कलीबरोबर शिजवली की साबण होतो. त्याच्या रेणूची लांब शेपटी तेलकट, म्हणून ती मळाला धरते. डोकं पाण्याला धरतं. पण या डोक्याला कॅल्शियमचं भारी आकर्षण. जड पाण्यात साबण गेला की तो मळ सोडून कॅल्शियमशी लग्न लावतो आणि न विरघळणारा पांढरा साका होऊन बसतो. मोरीच्या फरशीवर, बादलीवर आणि केसांत जे अडकतं ते हेच. आधी पाण्यातला सगळा कॅल्शियम साबण खाऊन संपवायचा, मग उरलेल्या साबणाने अंग धुवायचं, असा हा आतबट्ट्याचा व्यवहार.

आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण त्यांनी वापरलेल्या वस्तूंना ते ठाऊक होतं असं म्हणायला हरकत नाही. शिकेकाई, रिठा, कोरड्या माळावर वाढणारं हिंगणबेट या सगळ्यांत सॅपोनिन नावाचा फेसाळणारा पदार्थ असतो, आणि त्याला साबणासारखी कॅल्शियमची ओढ नसते. म्हणून रिठा जड पाण्यातही फेसाळतो. अंगाला डाळीचं पीठ, तळपायाला वज्री, दिवाळीला उटणं. फेस हा स्वच्छतेचा पुरावा आहे ही समजूत तेव्हा नव्हतीच. मात्र या जुन्या वस्तू सौम्य होत्या म्हणून टिकल्या असं जे हल्ली सांगितलं जातं, त्यावर माझा विश्वास नाही. रिठ्याचं पाणी डोळ्यांत गेलेल्या मुलाला विचारा. सॅपोनिनं तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि अशा झाडांचा पाला किंवा साली पाण्यात कुटून मासे गुंगवण्याची रीत जगभर अनेक ठिकाणी होती. निसर्गाने आपल्या कातडीचा विचार करून रिठा घडवलेला नाही.

साबणाची वडी आपल्याकडे आली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. लीव्हरचा सनलाइट १८८८ साली हिंदुस्थानात उतरला. पुढे स्वदेशीच्या वाऱ्यात आर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत वनस्पती तेलांपासून, चरबीशिवाय, साबण काढला. टाटांचा कारखाना आला. १९३४मध्ये लीव्हरने शिवडीला साबण करायला सुरुवात केली. या सगळ्यांच्या जाहिरातींत शुद्धता होती, सुगंध होता, देश होता. देशावरच्या विहिरीचं पाणी नव्हतं. तिथे या वडीचा फेस जेमतेमच होई.

दुसऱ्या टोकाला जर्मनीत मात्र माणसं याच प्रश्नापाशी अडली होती, आणि तिथे तो प्रश्न बायकांच्या केसांचा नव्हता. तो कापडगिरण्यांचा होता. कापड रंगवताना साबणाचा चुनकट साका धाग्यावर बसला की रंग डागाळतो. एकोणिसाव्या शतकातच रंगाऱ्यांनी एक उपाय काढला होता: तेलावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून ते पाण्यात मिसळणारं करायचं. १८७०च्या दशकात त्यासाठी एरंडेल सर्वांत चांगलं ठरलं. अलिझारिनच्या लाल रंगासाठी ते वापरत म्हणून त्याचं नाव पडलं टर्की रेड ऑइल. मुंबईच्या गिरण्यांतही ते ओळखीचं होतं. म्हणजे सल्फेट जातीचं पहिलं औद्योगिक द्रव्य हे आपल्या ओळखीच्या एरंडेलाचं बाळ आहे. शाम्पूच्या बाटलीकडे पाहताना हे मला नेहमी आठवतं.

मग पहिलं महायुद्ध आलं. जर्मनीची नाकेबंदी झाली, चरबी खायलाच पुरेना, साबणाला कुठून देणार. रसायनशास्त्रज्ञ चरबीविना फेस शोधू लागले. १९१७मध्ये बीएएसएफने कोळशाच्या डांबरातून निघालेल्या नॅफ्थलीनपासून नेकाल नावाचं द्रव्य काढलं. ते कापड भिजवायला चांगलं, धुवायला सुमार. खरी उडी मारली ती १९२०च्या दशकाच्या शेवटी, केम्निट्झ या कापडगिरण्यांच्या गावात. बोमे फेटशेमी या कंपनीतल्या हाइनरिश बेर्ट्श यांनी ओळखलं की दोष साबणाच्या शेपटीत नाही, डोक्यात आहे. कॅल्शियमला भुलणारं ते डोकंच कापून टाकायचं आणि तिथे सल्फेटचं बसवायचं. त्यासाठी चरबीच्या आम्लाचं आधी अल्कोहोल करावं लागतं. भरमसाट दाबाखाली हायड्रोजन वापरून ते करण्याची पद्धत डॉइच हायड्रिअरवेर्केमधल्या वाल्टर श्राउट यांनी त्याच सुमारास साधली होती. दोन्ही धागे जुळले. १९३२ साली फेवा ही नाजूक कपड्यांसाठीची पावडर बाजारात आली. जड पाणी असो की मऊ, ती फेसाळायची आणि साका सोडायची नाही.

खोबरेल तेलातून जे अल्कोहोल मिळतं त्यात बारा कार्बनांच्या साखळीचं लॉरिल अल्कोहोल सर्वांत जास्त असतं. त्याचं सल्फेट करून कॉस्टिक सोड्याने शमवलं की सोडियम लॉरिल सल्फेट. लेबलवर 'नारळापासून' असं लिहिलेलं असतं ते खोटं नसतं. त्यातून सौम्यतेचा जो वास यावा अशी अपेक्षा असते, तो मात्र खोटा.

अमेरिकेत हे कसं पोचलं ती गोष्ट मला कादंबरीसारखी वाटते. प्रॉक्टर अँड गॅम्बलचे रॉबर्ट डंकन १९३१मध्ये युरोपात नव्या प्रक्रिया हुंगत फिरत होते. जर्मनीत त्यांना कळलं की चरबीटंचाईच्या दिवसांत कुणीतरी गिरणीत साबणाऐवजी गुरांचं पित्त वापरून पाहिलं होतं, आणि त्याच्या मागोमाग तसंच काम करणारी कृत्रिम द्रव्यं तयार होत होती. पित्ताचं कामच मुळी पोटातली चरबी पाण्यात कालवण्याचं. डंकन यांनी शंभर किलो माल अमेरिकेला पाठवायला सांगितला. पुढे परवान्याचे करार झाले. १९३३मध्ये ड्रेफ्ट ही पावडर आली आणि १९३४मध्ये ड्रीन नावाचा शाम्पू. साबण नसलेला हा पहिला मोठा शाम्पू. जड पाण्याच्या राज्यांत बायकांना पहिल्यांदाच केसांवर पांढरा थर न बसता केस धुता आले. मग दुसरीच तक्रार सुरू झाली: केस फारच स्वच्छ होतात. तेल इतकं निघून जातं की केस कोरडे, विस्कटलेले. शाम्पूनंतर कंडिशनर हा जो सगळा व्यापार पुढे उभा राहिला, त्याचं बीज त्या तक्रारीत आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेल कंपनीने ब्रिटनमध्ये पेट्रोलियमपासून टीपॉल काढलं. आपल्याकडच्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत काचसामान धुवायला हे पिवळं द्रव असायचं, त्यामुळे सायन्सला गेलेल्या पिढ्यांना ते नाव ठाऊक आहे. तेही मूळचं सल्फेटच. कपड्यांच्या पावडरींनी मात्र लवकरच दुसरी वाट धरली. आपल्याकडे १९५९मध्ये आलेलं सर्फ आणि १९६९मध्ये आलेलं निरमा यांच्या पोटात सल्फोनेट असतं, सल्फेट नव्हे. त्यांच्याबरोबर धुण्याचा सोडाही असतो. धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या बोटांच्या पेरांना ज्या भेगा पडतात, त्यांचा आळ शाम्पूतल्या सल्फेटवर घालता येत नाही. नावं सारखी वाटतात म्हणून दोघांना एकाच खटल्यात उभं करण्याची घाई पुष्कळ जण करतात.

शाम्पू आपल्याकडे उशिरा आला आणि बराच काळ शहरातच राहिला. सनसिल्क १९६४मध्ये आला, पण बाटली विकत घेणारी घरं किती? बदल झाला तो १९८०च्या आसपास, तामिळनाडूतल्या कडलूरहून. चिन्नी कृष्णन यांनी वस्तू छोट्या पुडीत विकायची कल्पना रुजवली होती. त्यांच्या मुलांनी वेलव्हेट आणि मग १९८३मध्ये चिक शाम्पू पुड्यांत विकला, आणि मोठ्या कंपन्यांना त्यांच्या मागे धावावं लागलं. किराणा दुकानात पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. शिरूरच्या आठवडी बाजारातही त्या लटकल्या, आणि इथे त्यांनी जे केलं ते जाहिरातीत कुठे सांगितलेलं नव्हतं. रुपयाच्या पुडीला बोअरच्या पाण्यात फेस आला. जिथे वडी हरली होती तिथे पुडी जिंकली. शिकेकाई मागे पडली ती नुसत्या फॅशनपायी, असं म्हणणाऱ्यांनी पहाटेच्या पाळीला जायच्या आधी शिकेकाई उकळून, गाळून, केस धुऊन पाहावेत.

एव्हाना हे द्रव्य बनवणारे कारखानेही महाराष्ट्रात उभे राहिले होते. गॅलॅक्सी सर्फॅक्टंट्स ही नवी मुंबईतली कंपनी १९८६मध्ये नोंदली गेली. तळोजा आणि तारापूर इथे तिचे कारखाने आहेत, आणि देशी–परदेशी ब्रँडांच्या शाम्पू, फेसवॉश, टूथपेस्ट यांना लागणारी फेसद्रव्यं ती पुरवते. २०१८मध्ये ती शेअर बाजारात आली तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं.

आता कातडीविषयी. सोडियम लॉरिल सल्फेटच्या बाबतीत गंमत अशी की त्वचारोगतज्ज्ञ ते मुद्दाम खाज आणण्यासाठी वापरतात. एखादं मलम त्वचेला किती शांत करतं हे तपासायचं तर आधी त्वचा चिडलेली हवी. त्यासाठी याचं एक-दोन टक्क्यांचं द्रावण पट्टीखाली चोवीस तास ठेवतात. हमखास लाली येते. आंतरजालावरचे लेख यातलं 'चिडवतं' एवढं उचलतात आणि 'चोवीस तास' सोडून देतात. या रेणूचा छोटा आकार त्याला वरच्या थरातल्या केराटिनपर्यंत जाऊ देतो. तिथे तो प्रथिनं फुगवतो, पेशींमधली चरबी विस्कटतो, आणि त्वचेतून पाणी उडून जायला लागतं. १९९८च्या सुमारास ईमेलवरून जी अफवा फिरली की याने कॅन्सर होतो, तिला आधार नव्हता. ती अजून फिरते आहे. वाहन फक्त बदललं आहे.

१९८३मध्ये अमेरिकेतल्या कॉस्मेटिक इन्ग्रेडिअंट रिव्ह्यू या मंडळाने याचा निवाडा दिला. हे मंडळ सौंदर्यप्रसाधन उद्योगाच्या पैशावर चालतं हे लक्षात ठेवूनही तो निवाडा मला शहाणपणाचा वाटतो. थोडा वेळ लावून पूर्ण धुऊन टाकायच्या वस्तूंत हे द्रव्य सुरक्षित. त्वचेवर बराच वेळ राहणाऱ्या वस्तूंत एक टक्क्याच्या वर नको. म्हणजे प्रश्न 'आहे की नाही' हा नाही, तर किती आणि किती वेळ हा आहे.

ती एक टक्क्याची मर्यादाही ढिली निघाली, हे ब्रिटनमध्ये दिसलं. तिथे अ‍ॅक्वस क्रीम नावाचं स्वस्त, सरकारी सूत्राचं पांढरं मलम होतं. त्यात सुमारे एक टक्का सोडियम लॉरिल सल्फेट असायचं. ते साबणाऐवजी अंग धुवायला बरं होतं, पण वर्षानुवर्षं डॉक्टर इसबाच्या मुलांना ते अंगाला चोपडून ठेवायला देत राहिले. मुलं चुरचुरतंय म्हणून रडायची. २०१०मध्ये बाथ विद्यापीठात काही निरोगी माणसांनी ते दिवसातून दोनदा, चार आठवडे हाताला लावलं. त्यांच्या त्वचेचा वरचा थर सुमारे १२ टक्क्यांनी पातळ झाला. २०१३मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी इसबाच्या रुग्णांबाबत, विशेषतः मुलांबाबत, इशारा दिला. औषध तेच, प्रमाण तेच. धुऊन टाकायचं विसरल्याबरोबर ते औषध राहिलं नाही.

बहुतेक शाम्पू आणि फेसवॉशमध्ये हल्ली त्याचं भावंड असतं, सोडियम लॉरेथ सल्फेट. एका अक्षराचा फरक, आणि लेबलवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत तो दिसतही नाही. साखळी आणि सल्फेट यांच्यामध्ये इथिलीन ऑक्साइडचे एक-दोन मणी ओवलेले असतात. त्यामुळे रेणू मोठा आणि बराच सौम्य होतो, जड पाण्यात आणखी चांगला फेसाळतो. सोबत बीटेन घातलं तर आणखी मवाळ. पण हे मणी ओवताना १,४-डायऑक्सेन नावाचा नको असलेला पाहुणा थोड्या प्रमाणात तयार होतो, आणि तो माणसात कर्करोग करू शकेल अशा पदार्थांच्या यादीत आहे. कारखान्यात तो काढून टाकता येतो. न्यूयॉर्क राज्याने २०१९मध्ये कायदा करून त्याच्या मर्यादा ठरवल्या: शाम्पूसारख्या वस्तूंत आधी दशलक्षात दोन भाग, २०२३च्या अखेरीपासून एक. सल्फेटविषयी कुणाला कायदेशीर भांडण करायचंच असेल तर ते इथे करावं. 'सल्फेट-फ्री' लिहिलेल्या बाटलीत पुष्कळदा ओलेफिन सल्फोनेट असतं. तेही तेल तितक्याच निष्ठेने काढतं. नाव वेगळं असल्याने शब्द खरा ठरतो.

हे सगळं रांजणगावच्या मोरीपर्यंत आणायचं तर शेफील्ड विद्यापीठातला एक अभ्यास पाहायला हवा. तो २०१८मध्ये त्वचाविज्ञानाच्या नियतकालिकात छापून आला. इसब असलेल्या आणि नसलेल्या ८० जणांच्या त्वचेवर सोडियम लॉरिल सल्फेट लावून ते वेगवेगळ्या जडपणाच्या पाण्याने धुतलं आणि मागे किती राहिलं ते मोजलं. जड पाण्याने धुतल्यावर ते त्वचेवर जास्त चिकटून राहिलं. ज्यांच्या त्वचेची तटबंदी मुळात कमकुवत, त्यांना त्याचा जास्त त्रास झाला. पाण्यातला कॅल्शियम काढून टाकल्यावर हे कमी झालं.

म्हणजे ज्या पाण्यावर मात करायला केम्निट्झच्या माणसाने हे डोकं बसवलं, तेच पाणी त्याला कातडीवरून उतरू देत नाही. फेस येतो, पण तो जाताना आपलं काहीतरी मागे ठेवून जातो. 'धुऊन टाकायच्या वस्तूंत सुरक्षित' या १९८३च्या वाक्यातलं धुणं कुठल्या पाण्याने आणि किती पाण्याने, हे कुणी विचारलं नव्हतं. ते वाक्य लिहिणाऱ्यांच्या नळाला चोवीस तास पाणी होतं.

याचा अर्थ घराघरात पाणी मऊ करायचं यंत्र बसवा असा मात्र नव्हे. २०११मध्ये इंग्लंडातल्या ३३६ मुलांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली होती. इसब असलेल्या मुलांच्या घरी बारा आठवडे असं यंत्र बसवून पाहिलं, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. यंत्र विकणाऱ्यांच्या पत्रकात ही चाचणी सापडत नाही. केस गळण्याची तक्रार तर आणखी वेगळी. तीत रात्रपाळी, जेवण, ताप, रक्त कमी असणं, सगळंच येतं.

पण एप्रिल–मे महिन्यांत तालुक्यात टँकर सुरू होतात तेव्हा काय होतं ते पाहा. खोलीत चौघं, बाहेर एक मोरी, माणशी एक बादली. पाळीहून आलेल्या मुलाच्या अंगावर कारखान्यातलं तेल, म्हणून तो फेस जास्त करतो. एका पुडीतला शाम्पू डोक्याला पुरून उरतो म्हणून उरलेला अंगालाही लागतो. तो उतरवायला तीन-चार तांबे पाणी, तेही दुष्फेन. बाटलीच्या पाठीवर 'भरपूर पाण्याने धुवा' असं छापलेलं असतं. भरपूर म्हणजे किती लिटर ते नसतं. अर्धी पुडी आधी तांब्याभर पाण्यात कालवून मग डोक्यावर घेतली तर निम्म्या फेसात काम होतं आणि काढायलाही कमी पाणी लागतं, हे पाण्याच्या टंचाईत वाढलेल्या बायका आपसूक करतात. बाटली थेट टाळूवर उलटी करायची सवय जाहिरातींनी लावलेली आहे.

प्यायचं पाणी इथे खोल्यांवर वीस लिटरच्या जारमधून येतं. ते आरओचं, म्हणजे कॅल्शियम काढलेलं. ते मोजून वापरायचं आणि पैसे देऊन घ्यायचं, म्हणून त्याने अंघोळ कुणी करत नाही. पण न्हाण्याच्या दिवशी शेवटचा एक तांब्या जारमधून काढून घ्यायचा आणि केसांवरून हळूहळू ओतायचा, असं करणाऱ्या मुली आहेत. जार संपायला आला असेल तर त्या आठवड्यात ते राहून जातं.